चार वह्या एका गाठोड्यात बांधू नका

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी केलेले भाषण)





दिंडीला शंभर वर्षं झाली. कालपासून इथं वाटेच्या गोष्टी झाल्या, मुक्कामाच्या झाल्या, कुणी किती वाऱ्या केल्या ते झालं. मला मंडळानं विषय दिला, 'दिंडीचा ठेवा'. आता ठेवा कशाला म्हणायचं? पखवाजाची पुडी फुटली तर दुसरी चढते. पताका फाटली तर नवी शिवता येते. तंबू, भांडी, पाण्याचा टँकर, सगळं पैशानं परत येतं. पैसा मोजूनही जे परत येत नाही, तो ठेवा. आपल्या दिंडीत तो म्हणजे मागच्या पिढीचा आवाज, त्यांच्या चाली, आणि कोण कोण चाललं त्याची नोंद. हा ठेवा यंदा वैशाखात जाता जाता वाचला. कसा वाचला आणि त्यातला थोडा कसा गेला, तेच आज सांगतो. कारण ही पाळी पुढं पुन्हा येणार आहे, आणि त्या वेळी आपण कुणी नसू.

आधी त्या डब्यात काय होतं ते ऐका. साधारण 1985 पासून आपल्या सप्ताहातली कीर्तनं कॅसेटवर भरली जात होती. कॅसेटीची फीत ओल धरते, चिकटते, तिला बुरशी येते. म्हणून आपल्याच एका टाळकऱ्याच्या मुलानं, जो संगणकाचं शिकलाय, त्या सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या. सहाशेच्या वर कीर्तनं. त्याबरोबर काकडा, हरिपाठ, दिंडीच्या जुन्या वह्यांचे फोटो, कोणत्या साली कोणत्या गावचे किती वारकरी त्याची नावं. हे सगळं त्यानं घरी एका डब्यात ठेवलं. धान्याच्या पायलीएवढा डबा, आत चार हार्ड डिस्क. घरातल्या कुणीही मोबाइल लावला की त्यातलं कीर्तन ऐकू यायचं. गावातली पोरं तिथं बसून चाली शिकायची.

त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपले जुने विणेकरी बाबा वैकुंठवासी होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडं काकड्याच्या तीन चाली होत्या, त्यांच्या गुरूंकडून आलेल्या. आज त्या पुऱ्या म्हणणारा आपल्यात कुणी उरलेला नव्हता. त्या चाली फक्त त्या डब्यात होत्या. आता कळलं ना, महाराज, काय पणाला लागलं होतं ते?

ही हार्ड डिस्क म्हणजे काय, ते मी त्या पोराला विचारून विचारून समजून घेतलं. ते माझ्या भाषेत सांगतो. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते, ॲल्युमिनियमची नाहीतर काचेची. तिच्यावर लोहचुंबकाचा पातळ थर. ती मिनिटाला 5400 नाहीतर 7200 वेळा फिरते. तिच्यावर जुन्या ग्रामोफोनसारखा एक हात असतो. पण ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, ही टेकत नाही. वाऱ्यावर तरंगते. तबकडी आणि तिच्यात अंतर किती? माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटीनं कमी. एवढ्या अंतरावरून ती लिहिते आणि वाचते. अशी पहिली डिस्क अमेरिकेत आयबीएम कंपनीनं 1956 मध्ये काढली. कपाटाएवढं यंत्र, आत दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या, आणि त्यात मावायचं किती? आज तुमच्या मोबाइलवरच्या एका अभंगाएवढं!

आता जी वस्तू वाऱ्यावर तरंगते ती कधीतरी टेकणारच. धक्का बसला, लाइट मध्येच गेली, उष्णता वाढली, नाहीतर नुसतं वय झालं. टेकली की तबकडीवर ओरखडा. मग डिस्क टक टक असा आवाज करते. कधी आवाज नसतो, पण जागोजाग डाग पडतात, तिथलं वाचता येत नाही. आपल्या दोंडाईच्याचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे. माणूस झाडाखाली पडून राहतो, तिथं ते यंत्र रात्रंदिवस फिरत होतं.

तुम्ही म्हणाल, चार डिस्क होत्या ना, मग एक गेली तर काय बिघडलं? बरोबर आहे. त्या चार डिस्कची एक युक्ती असते. आपला गाव मिरचीच्या बाजाराचा, म्हणून मिरचीचाच दाखला देतो. तीन पोत्यांचं वजन तीन चिठ्ठ्यांवर लिहिलं: 40 किलो, 38 किलो, 42 किलो. चौथ्या चिठ्ठीवर बेरीज लिहिली, 120. आता यातली एक चिठ्ठी वाऱ्यानं उडाली, समजा 38 ची. काही बिघडत नाही. 120 मधून 40 आणि 42 वजा करा, 38 परत मिळाले. डब्यातल्या डिस्क अशाच एकमेकींची बेरीज ठेवतात. एक गेली तरी बाकीच्या तिघी मिळून तिचं सांगतात. पण दोन चिठ्ठ्या उडाल्या तर? राहिले 80, ते दोन पोत्यांत कसे वाटायचे? जगातला कुठलाही हिशेबनीस सांगू शकणार नाही.

आपलं तेच झालं. चैत्रात एक डिस्क गेली. डब्यावर लाल दिवा लागला. पोरगा नोकरीसाठी सुरतेला, घरात म्हातारी माणसं, दिवा कुणी पाहिला नाही. डबा चालू होता, कीर्तनं ऐकू येत होती, मग शंका कुणाला येणार? वैशाखात दुसरी डिस्क अडखळायला लागली आणि डब्यानं दार बंद केलं. दोन्ही एवढ्या लागोपाठ का गेल्या? चारही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. एकाच उष्णतेत सारखेच तास फिरलेल्या. आणि एक बसल्यावर बाकी तिघींवर ओझं वाढलं. चार बैलांचं काम तीन बैलांनी ओढलं, की त्यातला दुबळा आधी बसतो.

पोरगा सुट्टी काढून आला. मी विचारलं, "सम्दं गयं का रे भाऊ?" तो म्हणाला, "आबा, अजून गेलं नाही. पण घाई केली तर जाईल." आणि त्यानं सगळ्यात आधी डब्याची लाइट बंद केली. हे ध्यानात ठेवा. डिस्क आजारी आहे असं वाटलं की पहिलं काम बंद करणं. जितका वेळ फिरेल तितका ओरखडा वाढतो.

तोवर गावातून सल्ले यायला लागले. आपल्याकडं सल्ल्याला काय तोटा! एक म्हणाला, चार वेळा चालू-बंद करून पाहा. दुसरा म्हणाला, हळूच ठोका, चालेल. तिसऱ्यानं ऐकलं होतं की डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की सुरू होते. चौथा पेचकस घेऊनच आला, म्हणे उघडून साफ करू. पोरानं हात जोडून सगळ्यांना बाहेर बसवलं. फ्रीजमधून काढली की तबकडीवर दव धरतं, मग ती कायमची जाते. आणि झाकण उघडलं तर धुळीचा एक कण त्या तरंगत्या हातासाठी वाटेतल्या धोंड्यासारखा. असं उघडायचं काम मोठ्या शहरात खास बिनधुळीच्या खोलीत करतात, त्याला हजारो रुपये पडतात. डबा स्वतःही विचारत होता, नव्यानं मांडणी करू का? त्याला हो म्हटलं असतं तर पाटी पुसल्यासारखं झालं असतं. पोरानं नाही म्हटलं.

मग त्यानं चारही डिस्क काढल्या. कुठली कितव्या खणात होती त्याचा कागद प्रत्येकीला चिकटवला. क्रम चुकला तर बेरीज जुळत नाही. नव्या डिस्क आणल्या, आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्यावर घ्यायला लागला. तो म्हणाला, "आबा, जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर. मूळ डिस्क फक्त एकदा वाचायची आणि बाजूला ठेवायची." पहिल्या दोन धडधाकट होत्या, त्या एका दिवसात उतरल्या. चैत्रात गेलेली टक टक करत होती, तिला त्यानं हातच लावला नाही. सगळा भार तिसरीवर, जी अडखळत होती.

तिच्यासाठी डीडीरेस्क्यू नावाची एक विद्या त्यानं वापरली. ती फुकट मिळते. ती कसं काम करते ते कापूसवाल्यांना लगेच कळेल. आपण पहिल्या वेचणीला काय करतो? जी बोंडं पूर्ण उमललीत ती वेचत पुढं जातो. अर्धवट बोंडापाशी ओढत बसत नाही, नाहीतर फांदी मोडते आणि उमललेलं पण मातीत जातं. मग दुसऱ्या वेचणीला परत फिरतो, मग तिसऱ्या. ही विद्या तशीच. जे नीट वाचता येतं ते आधी घेते, डाग लागला की ओलांडून पुढं जाते. सगळं चांगलं घरी आलं की मग परत फिरून एकेका डागाच्या कडेनं थोडं थोडं काढते. आणि कुठं काय राहिलं त्याची नोंद ठेवते, म्हणजे लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही.

नऊ रात्री हे चाललं. दिवसा उष्णता म्हणून रात्री. डिस्कवर पंखा, जोडीला इन्व्हर्टर. आम्ही चार-सहा जण पडवीत बसायचो, हळू आवाजात हरिपाठ व्हायचा. तो हरिजागरच होता म्हणा. नवव्या रात्री ती डिस्क थांबली ती थांबलीच. पण तोवर तिच्यातलं जवळजवळ सगळं नव्या डिस्कवर आलं होतं. तीन नकला शेजारी शेजारी लावल्या, बेरीज मांडली, आणि कीर्तनं उघडायला लागली. पहिला आवाज आला तेव्हा एक माउली पदर डोळ्याला लावून उठून गेली. तिच्या वडिलांचं कीर्तन होतं, 1988 चं.

पण सगळं आलं नाही. जिथं तिसरीवर डाग होते आणि चौथी बंद होती, तिथं दोन चिठ्ठ्या उडाल्यासारखं झालं. 23 कीर्तनं-भजनं तुटकी निघाली. कुठं आवाज मध्येच गायब, कुठं उघडतच नाही. आता इथं यंत्राचं काम संपलं आणि माणसांचं सुरू झालं. मंडळानं गावोगाव निरोप दिला. शहाद्याच्या एका घरी ट्रंकेत गोधडीखाली दोन कॅसेटी निघाल्या. नरडाण्याच्या एका शिक्षकाच्या जुन्या मोबाइलच्या कार्डात सहा कीर्तनं होती, त्यानं कधीकाळी डब्यातून घेतलेली. शिंदखेड्याहून आली, सारंगखेड्याहून आली. असं करत 19 भरून निघाली. चार राहिली ती राहिलीच.

महाराज, हे आपल्याला नवं आहे का? यंत्र नवं आहे, गोष्ट जुनी आहे.

ज्ञानोबारायांनी नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढं तीनशे वर्षं नकलेवरून नक्कल होत गेली. लिहिणाऱ्याचा हात चुकला, कुणी आपल्या पदरची ओवी घातली, पाठ बिघडत गेला. तेव्हा नाथबाबांनी काय केलं? पोथ्या मिळवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करून आपल्या हाती दिली. पोरगा तीन डिस्क शेजारी लावून बेरीज जुळवत होता, तेव्हा मला पैठणच आठवलं.

तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तेरा दिवस ते काठावर बसले, आणि वह्या तरल्या, ही आपली श्रद्धा आहे. देवानं राखल्या. पण देव राखतो तो माणसाच्या हातानंही राखतो. चाकणचे संताजी जगनाडे, तेल्याचा घाणा चालवणारा माणूस, त्यांनी अभंग आपल्या वहीत लिहून ठेवले. त्या वह्यांवरून ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी 1919 च्या सुमाराला गाथा छापली. त्याच्याही आधी, 1869 आणि 1873 मध्ये, मुंबई सरकारच्या मदतीनं इंदुप्रकाश छापखान्यात दोन भागांत गाथा निघाली. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी ती तयार केली. कशावरून? देहूची वही, तळेगावची वही, कडूसची वही, पंढरपूरची वही. चार गावं, चार घरं. एका गावाला आग लागली, पूर आला, तरी बाकीच्या गावांत गाथा राहणार.

आणि आमच्या डब्यात काय होतं? चार डिस्क, पण एकाच डब्यात, एकाच घरात, एकाच उष्णतेत. चार वह्या एका गाठोड्यात बांधल्या तर नदीला ते एकच गाठोडं. ती नक्कल नव्हे. पोरगा म्हणाला, "चार डिस्कची युक्ती ही एक डिस्क गेली तर काम थांबू नये म्हणून आहे. घरच गेलं तर काय, हे तिला विचारायचं नाही." पुण्यात 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या वाड्यांतलं पिढ्यांचं सामान एका दिवसात वाहून गेलं. पाणी काही आधी सांगून येत नाही.

आपल्या खान्देशाचंच पाहा. बहिणाबाई चौधरी, असोद्याची लेक, जळगावची सून. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात गाणी जुळायची आणि वाऱ्यावर जायची. मुलगा सोपानदेव आणि भाचा, यांनी जेवढी जमतील तेवढी कागदावर उतरवली. 1951 मध्ये ती माय गेली. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. जेवढं लिहिलं तेवढं राहिलं, बाकीचं मातीत. आणि आपल्या धुळ्यात ज्यांनी 31 डिसेंबर 1926 ला देह ठेवला ते इतिहासाचार्य राजवाडे! सारा महाराष्ट्र पायी फिरले. वाळवीनं खाल्लेली दप्तरं, रद्दीत निघालेले कागद गोळा केले. बीडकडच्या पाटांगणला मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. ज्याला शंका असेल त्यानं एकदा जाऊन यावं.

आता एक प्रश्न आपल्यातल्याच एका जुन्या माळकऱ्यानं मला विचारला, तो बाजूला टाकण्यासारखा नाही. तो म्हणाला, "बुवा, देह नाशिवंत, तिथं आवाजाचा एवढा मोह कशाला? जन्मभर कीर्तनात तुम्हीच सांगता ना, सोडा म्हणून?" मी त्याला म्हटलं, माझ्या आवाजाचा मोह धरला तर तो मोहच. माझी कीर्तनं गेली असती तर मी उपास केला नसता. पण गुरूंकडून आलेली चाल माझी नाही, ती वाटेत मला सांभाळायला दिली. पालखी आपली असते का? आपण फक्त खांदा देतो, आणि पुढच्या खांद्यावर नीट देतो. मध्येच खाली टाकणं याला वैराग्य म्हणत नाहीत. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःकडच्या तीन कॅसेटी घेऊन आला.

म्हणून मंडळापुढं आणि तुमच्यापुढं चार गोष्टी ठेवतो. मंडळानं त्या मानल्यात, आता पाळायच्या आपण सगळ्यांनी.

पहिली, नकला तीन, आणि तीन गावांत. एक दोंडाईच्याला मंदिरात, एक शहाद्याला, एक पंढरपूरला आपल्या मुक्कामाच्या मठात. शेतकरी बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे.

दुसरी, दर आषाढीला नवी नक्कल दिंडीबरोबर जाईल आणि मागच्या वर्षीची परत येईल. कापडात नीट गुंडाळून, उन्हापासून आणि पावसापासून सांभाळून. ती कुणाकडं राहील त्याचं नाव वहीत लिहायचं. "सगळ्यांची जबाबदारी" म्हटलं की ती कुणाचीच नसते.

तिसरी, प्रस्थानाच्या दिवशी तिन्ही ठिकाणी कीर्तन लावून ऐकायचं. नुसती डिस्क कपाटात आहे म्हणून निश्चिंत राहायचं नाही. न उघडलेल्या पोत्यात दाणे आहेत की किडे, ते उघडल्यावरच कळतं. लाल दिवा लागला तर घरातल्या लहान पोरानंही फोन करावा, एवढं त्याला शिकवायचं. आणि कुणी म्हणेल इंटरनेटवर टाकून द्या, तर जरूर टाका. पण तेही कुणाच्या तरी घरातल्या डिस्कवरच असतं. ती चौथी नक्कल समजा, एकुलती एक समजू नका.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. जुन्या कॅसेटी, वह्या फेकू नका, आणि चाली गळ्यात उतरवा. डिस्क पाच-दहा वर्षांत थकते. गळा शिष्याला देता येतो, त्याच्या शिष्याला देता येतो. ज्ञानोबा-तुकोबांपासून आपल्यापर्यंत जे आलं ते कागदानं आलं तसं गळ्यानंही आलं.

विणेकरी बाबांच्या तीन चालींपैकी दोन पूर्ण मिळाल्या. दोन पोरं त्या शिकलीत, उद्या पहाटे काकड्याला म्हणतील. सगळ्यांनी यावं, आणि ज्यांनी बाबांना ऐकलंय त्यांनी कुठं चुकतंय ते पोरांना जवळ घेऊन सांगावं. तिसरी चाल अर्धी आहे. शेवटची दोन कडवी डागात गेली. ती 1991 च्या सप्ताहात, सहाव्या दिवशी पहाटे भरली होती. त्या वर्षी इथं पंचक्रोशीतली पुष्कळ मंडळी टेप घेऊन बसली होती. घरी गेल्यावर माळ्यावर पाहा, ट्रंकेत पाहा, माहेरी गेलेल्या लेकींना फोन करून विचारा. फीत तुटलेली असली तरी आणा, चिकटलेली असली तरी आणा. आणि कुणा म्हातारीला ती चाल नुसती गुणगुणता येत असेल, तर तिला आधी घेऊन या.

रामकृष्ण हरी.